पान का उघडत नाही? पेढीवरील ब्राउझरची शांतपणे करावयाची तपासणी



महिन्याची वीस तारीख आहे. दुपार उलटून गेली आहे. जीएसटीचे ३बी विवरणपत्र आजच भरावयाचे आहे. आकडे तयार आहेत, बँकेत रक्कम आहे. परंतु पेढीवरील संगणकाच्या पडद्यावर एक करडे पान उभे आहे : 'धिस साइट कान्ट बी रीच्ड'. यापुढे जे घडते ते आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. एक जण राउटरची वायर काढून पुन्हा लावतो. दुसरा संगणक बंद करून सुरू करतो. तिसरा मोबाइलवर कोणत्यातरी 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधू लागतो. आणि कोणीतरी 'आपला ब्राउझर जुना झाला आहे, येथे अपडेट करा' असे सांगणाऱ्या पहिल्याच बटनावर क्लिक करतो. पहिल्या दोन उपायांत गेला तर थोडा वेळ जाईल. शेवटच्या दोहोंत खात्यातील रक्कमही जाऊ शकते.

येथे हिशेब स्पष्ट ठेवावा. ३बी विवरणपत्र उशिरा भरले आणि कर देय असेल, तर दररोज ५० रुपये विलंब शुल्क लागते. शून्य व्यवहाराचे विवरणपत्र असेल तर २० रुपये. न भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. हा भुर्दंड नकोसा आहे, पण मोजता येण्याजोगा आहे. घाईने चुकीच्या माणसाच्या हाती संगणक दिला तर होणाऱ्या हानीला अशी काही मोजदाद नाही.

म्हणून आजच्या लेखाचे सांगणे एकच आहे : दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे ते ठरवावे. रोजमेळाची शिल्लक जुळली नाही तर जाणता मुनीम सारी वही नव्याने लिहावयास बसत नाही. फरक कोणत्या पानावर पडला ते तो आधी शोधतो. ब्राउझरचेही तसेच आहे. क्रोम असो, एज असो वा फायरफॉक्स, पान न उघडण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती क्रमाने तपासली तर दहा-पंधरा मिनिटांत बहुधा उलगडा होतो.

पान आपल्यापर्यंत येते कसे

आपण संकेतस्थळाचा पत्ता लिहितो तेव्हा चार कामे एकापाठोपाठ एक होतात. पहिले काम नाव शोधण्याचे. आपण लिहिलेले नाव यंत्राला पुरेसे नसते. त्या नावामागील अंकी पत्ता शोधावा लागतो. ही नावांची वही म्हणजे डीएनएस. दुसरे काम त्या अंकी पत्त्यावरील दूरच्या संगणकाशी जोडणी करण्याचे. तिसरे काम ओळख पटविण्याचे. समोरचे संकेतस्थळ खरोखर बँकेचेच आहे काय, हे ब्राउझर त्याचे प्रमाणपत्र पाहून ठरवितो. चौथे काम प्रत्यक्ष मजकूर आणून पडद्यावर मांडण्याचे. पुढच्या वेळी लवकर उघडावे म्हणून त्यातील काही भागाची प्रत ब्राउझर स्वतःजवळ साठवून ठेवतो.

दोष कोणत्या पायरीवर आहे याची खूण पडद्यावरील संदेशातच असते. संदेशात 'डीएनएस' हा शब्द असेल तर नाव सापडलेले नाही. 'टाइम्ड आऊट' असेल तर पलीकडून वेळेत उत्तर आलेले नाही. 'प्रॉक्सी' असेल तर संगणकाच्या मांडणीत कोणीतरी मधला थांबा नेमून ठेवला आहे. 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असेल तर ओळख पटलेली नाही. म्हणून हा संदेश घाईने पुसू नये. मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. उद्या जाणकाराला दाखवावयाचे झाले तर 'नेट चालत नाही' या तीन शब्दांपेक्षा ते छायाचित्र अधिक उपयोगी पडेल.

पहिले तीन प्रश्न

पहिला प्रश्न : एकच पान उघडत नाही, की कोणतेच उघडत नाही? दुसऱ्या चार प्रसिद्ध संकेतस्थळांना भेट देऊन पाहावी. ती उघडत असतील तर इंटरनेट चालू आहे, राउटरला हात लावण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न : त्याच वायफायवर दुसऱ्या उपकरणात पान उघडते काय? येथे मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करण्यास विसरू नये. नाहीतर फोन गुपचूप सिमवरून पान आणील आणि आपण वायफायला निर्दोष ठरवू. फोनवर वायफायनेही पान येत नसेल तर दोष राउटर किंवा सेवा पुरविणाऱ्याकडे आहे.

तिसरा प्रश्न : तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला तर पान उघडते काय? उघडले तर संगणक आणि ब्राउझर ठीक आहेत, पेढीच्या जोडणीत बिघाड आहे. तातडीचे काम त्या हॉटस्पॉटवर उरकून घ्यावे आणि दुरुस्ती मागाहून करावी. हॉटस्पॉटवरही उघडले नाही, पण फोनवर उघडले, तर दोष संगणकात किंवा ब्राउझरात आहे.

या तीन प्रश्नांना पाच मिनिटे पुरतात आणि त्यांनी शोधाचे क्षेत्र एका कोपऱ्यापुरते उरते.

दोष जोडणीत आहे असे ठरले तर प्रथम फायबरच्या डब्याकडे पाहावे. 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही; बहुधा वायर कोठेतरी तुटली, वाकली किंवा सुटली आहे. अशा वेळी संगणकावर केलेला कोणताही उपाय व्यर्थ होय. सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. दिवे नेहमीसारखे असतील तर राउटरची वीज बंद करावी, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा सुरू करून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. महिन्याच्या योजनेची मुदत संपली नाही ना, हेही पाहावे. हे कारण क्षुल्लक वाटते, पण वारंवार आढळते.

नाव सापडत नसल्याचा संदेश येत असेल आणि बाकी सारे ठीक दिसत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागातील 'सिक्युरिटी'त जावे. तेथे 'यूज सिक्युअर डीएनएस' हा पर्याय आहे. त्यात क्लाउडफ्लेअर किंवा गूगल यांची नावांची वही निवडता येते. सेवा पुरविणाऱ्याची वही बिघडलेली असेल तर एवढ्यानेच पाने उघडू लागतात. संदेशात 'प्रॉक्सी' असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमधील 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये 'प्रॉक्सी' उघडून पाहावे. आपण नेमलेला नसताना तेथे पत्ता लिहिलेला आढळला तर तो बंद करावा आणि संगणकाची विषाणू-तपासणी करून घ्यावी. कारण असा पत्ता आपोआप येत नाही.

संगणक बंद-सुरू करण्याविषयी एक बारकावा ध्यानात ठेवावा. विंडोजमध्ये 'शट डाऊन' केल्यावर बऱ्याच यंत्रांत 'फास्ट स्टार्टअप'मुळे आधीची काही स्थिती जपून ठेवली जाते. 'रीस्टार्ट'मध्ये ती पुसली जाते. म्हणून उपाय म्हणून करावयाचे तर 'रीस्टार्ट'च करावे.

घड्याळाचा दोष

दुकानातील जुन्या डेस्कटॉप संगणकांत एक विचित्र प्रकार दिसतो. सकाळी संगणक सुरू केला की प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो. मालक घाबरतात, कोणी विषाणूचा संशय घेतो. वास्तविक बिघाड कोपऱ्यातील घड्याळात असतो.

कारण असे की, प्रत्येक प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर२०३२ या प्रकारची असते. काही वर्षांनी ती संपली की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आजचे खरे प्रमाणपत्रही 'अजून सुरू न झालेले' ठरते आणि पान अडते. 'युवर क्लॉक इज बिहाइंड' हा संदेश याच दोषाचा.

उपाय सोपा आहे. घड्याळावर उजवे क्लिक करून तारीख व वेळेच्या सेटिंगमध्ये जावे, भारतीय प्रमाणवेळ म्हणजे अधिक साडेपाच तासांची निवड तपासावी आणि 'सिंक नाऊ' दाबावे. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मागे गेले तर बॅटरी बदलून घ्यावी. खर्च अगदी किरकोळ आहे.

हा दोष पुढे अधिक जाणवणार आहे. सप्टेंबर २०२० पासून प्रमुख ब्राउझर ३९८ दिवसांहून अधिक मुदतीची नवी प्रमाणपत्रे स्वीकारीत नाहीत, आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२९ पासून ही मर्यादा ४७ दिवसांवर येणार आहे. मुदत जितकी लहान, तितके घड्याळाचे थोडेसे चुकणेही महाग.

घड्याळ बरोबर असूनही एकाच संकेतस्थळावर हा इशारा येत असेल तर एकतर त्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, किंवा ते संकेतस्थळ बनावट आहे. दोन्ही परिस्थितींत 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन 'प्रोसीड' करणे हा बँकेच्या किंवा कराच्या कामासाठी मार्ग नव्हे. पत्ता एकेक अक्षर तपासून पाहावा आणि थांबावे.

ब्राउझरच्या पोटातील शिळा साठा

दोष ब्राउझरातच आहे असे ठरले, तर पहिला प्रयोग खासगी खिडकीचा करावा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबाव्यात. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. या खिडकीत जुना साठा वापरला जात नाही आणि जोडलेली छोटी साधने, म्हणजे 'एक्स्टेन्शन', सामान्यतः बंद असतात. येथे पान उघडले तर दोषाचे दोनच संशयित उरतात : साठा किंवा साधने.

साठ्याला इंग्रजीत 'कॅश' म्हणतात. उच्चार तोच असला तरी गल्ल्यातील रोकडीशी त्याचा काही संबंध नाही, आणि तो पुसल्याने कोणाचे काही बुडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा दाबल्या की पुसण्याची यादी समोर येते. त्यात साठविलेली चित्रे व फाइली आणि 'कुकी' यांवर खूण करावी. 'पासवर्ड' या रकान्यावर खूण नाही ना, हे दोनदा पाहावे. पेढीतील कित्येक पासवर्ड केवळ ब्राउझरच्याच स्मरणात असतात. कुकी पुसल्यावर सर्व ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून अर्धवट भरलेले विवरणपत्र आधी जतन करावे. एकाच संकेतस्थळाचा त्रास असेल तर पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करून फक्त त्याच स्थळाचा साठा पुसता येतो. तेवढे पुरते.

साधनांचा संशय असेल तर सर्व बंद करून एकेक सुरू करीत जावे. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलून देणारी, जाहिराती अडविणारी अशी अनेक साधने कोणी कधी बसविली हे घरात कोणालाच आठवत नसते. जे ओळखीचे नाही ते काढून टाकावे. ज्या ब्राउझरवर बँकेचे काम होते त्यावर साधने शक्यतो नसावीतच.

अँटिव्हायरसही कधी कधी वाट अडवितो, विशेषतः वर्गणी संपलेला किंवा एकाच यंत्रात दोन बसविलेले असतील तर. दोहोंपैकी एकच ठेवावा. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे संरक्षण मुळातच असते.

दोष समोरच्याचा असेल तर

पडद्यावर ५०० पासून ५०४ पर्यंतचा एखादा आकडा दिसत असेल, तर जोडणी झाली आहे, परंतु समोरचा संगणक काम करू शकत नाही, असा त्याचा अर्थ. शेवटच्या तारखेला लाखो व्यापारी एकाच दारात उभे राहिले की असे घडते. येथे आपला साठा पुसून किंवा ब्राउझर बदलून काही साधत नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करावा. पहाटे किंवा रात्री उशिरा गर्दी कमी असते. संदेशाचे तारीख-वेळेसह छायाचित्र मात्र नोंद म्हणून जपावे.

शासनानेही अशी अडचण मान्य केल्याचे उदाहरण आहे. जानेवारी २०२५ मध्ये जीएसटीचे पोर्टल बंद पडल्यावर मासिक जीएसटीआर-१ची मुदत ११ वरून १३ जानेवारीपर्यंत आणि ३बीची २० वरून २२ जानेवारीपर्यंत वाढविण्यात आली होती. परंतु अशी वाढ हक्क म्हणून गृहीत धरता येत नाही. पोर्टल बंद असेल तर मुदत वाढू शकते. आपल्या संगणकाचे घड्याळ मागे असेल तर वाढत नाही. दोष कोठे आहे हे ओळखण्याचे महत्त्व येथेही आहे.

एक सोय लक्षात असू द्यावी. महिन्यात काहीच व्यवहार नसेल तर शून्य ३बी विवरणपत्र जून २०२० पासून नोंदणीकृत मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवूनही भरता येते. त्यासाठी ब्राउझरची गरजच नाही.

अद्ययावत न होणारा ब्राउझर

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. पुष्कळ वेळा पान न उघडणे हे लक्षण असते आणि ब्राउझर अद्ययावत नसणे हा मूळ रोग असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एन्क्रिप्ट' या प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेच्या साखळीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ज्या जुन्या उपकरणांत नवे मूळ प्रमाणपत्र पोहोचले नव्हते, त्यांवर अनेक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. संकेतस्थळे चालू होती, इंटरनेट चालू होते. जुनी झाली होती ती पाहणाऱ्याची यादी.

ब्राउझरची आवृत्ती पाहण्यासाठी क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके, त्यात 'हेल्प' आणि त्यात 'अबाउट गूगल क्रोम' हा मार्ग आहे. हे पान उघडताच ब्राउझर स्वतःहून नवी आवृत्ती शोधतो. क्रोमने सप्टेंबर २०२१ मध्ये मोठ्या आवृत्त्यांमधील अंतर सहा आठवड्यांवरून चारवर आणले, यावरून बदलाचा वेग कळेल.

अद्ययावत न होण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ब्राउझर कधी बंदच न करणे. नवी आवृत्ती उतरलेली असते, पण ती अमलात येण्यासाठी 'रीलाँच' करावे लागते. आपल्याकडे वीस टॅब उघडे ठेवून संगणक झोपविण्याची सवय आहे. काम जतन करून एकदा 'रीलाँच' दाबावे, बस्स.

दुसरे कारण जागेचे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर नवी आवृत्ती बसत नाही. तिसरे कारण अडथळ्याचे. अँटिव्हायरस किंवा फायरवॉल अद्ययावत करणाऱ्या सेवेला बाहेर जाऊ देत नाही, किंवा कोणी ती सेवाच बंद करून ठेवलेली असते. चौथे कारण अधिकाराचे. लॉगिन मर्यादित अधिकाराचे असते. 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ घरगुती संगणकावर दिसली तर ती अँटिव्हायरसमुळे असू शकते, किंवा नको असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने आपले नियम लादलेले असू शकतात. ती दुर्लक्षू नये.

ही कारणे दूर करूनही उपयोग झाला नाही तर ब्राउझर काढून नव्याने बसवावा. त्यापूर्वी बुकमार्क आणि पासवर्ड सुरक्षित ठिकाणी आहेत याची खात्री करावी. नवी प्रत निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी, आणि तो पत्ता स्वतः लिहावा. शोधयंत्राच्या पानावर अगदी वर जाहिरात म्हणून दिसणाऱ्या दुव्यावरून घेऊ नये.

पाचवे कारण सर्वांत मोठे : विंडोजच जुनी असणे. येथे कोणतीही खटपट चालत नाही. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज ८.१चा १० जानेवारी २०२३ रोजी. या दोहोंवर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ ही होय. जानेवारी २०२३ नंतर त्यांना नवी मोठी आवृत्ती मिळालेली नाही. फायरफॉक्समध्येही या यंत्रांसाठी ११५ ही मालिका अखेरची ठरली. आपल्या ब्राउझरच्या पानावर १०९ हा आकडा असेल तर 'अपडेट का होत नाही' याचे उत्तर मिळाले. ब्राउझर बिघडलेला नाही. त्याच्याखालची जमीन जुनी आहे.

विंडोज १०चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. खासगी संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची योजना दिली. तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते. विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. त्यामुळे अनेक जुनी यंत्रे तीस पात्र ठरत नाहीत.

मग जुना संगणक टाकून द्यावा काय? लगेच नव्हे. त्यावरील हिशेबाचे सॉफ्टवेअर नीट चालत असेल तर त्याचे इंटरनेट काढून टाकून तो केवळ खतावणीसाठी ठेवता येतो. बॅकअप मात्र नियमित घ्यावा. बँक, कर आणि ई-मेल ही कामे नव्या यंत्रावर न्यावीत. म्हणजे अख्ख्या पेढीचे संगणक बदलण्याऐवजी एकच यंत्र घेऊन भागते.

काही जुनी कार्यालयीन संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररवरच चालत. तो ब्राउझर विंडोज १०च्या सामान्य आवृत्त्यांवर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. अशा स्थळांसाठी एजमध्ये 'आयई मोड' आहे. त्यासाठी जुना ब्राउझर शोधून बसवू नये. मोबाइलवर पाहिले तर क्रोम १३९ पासून किमान अँड्रॉइड १० लागते. त्याहून जुन्या फोनवर बँकेचे काम थांबविणे शहाणपणाचे.

अडचणीत भेटणारे 'मदतनीस'

पान अडलेले असते तेव्हा माणूस उतावीळ असतो, आणि फसविणारा याच घटकेची वाट पाहतो. म्हणून चार गोष्टी घरातील प्रत्येकाला, दुकानातील मुलांनाही, सांगून ठेवाव्यात.

एक : कोणत्याही संकेतस्थळाच्या पानावर ब्राउझर अद्ययावत करण्याचे बटन दिसले तर ते दाबू नये. खरी सूचना ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत येते, पानाच्या मजकुरात नव्हे. दोन : 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असे म्हणून विंडोजची कळ व आर दाबावयास, मग काहीतरी पेस्ट करून एंटर करावयास सांगणारे पान बंद करावे, त्या एका कृतीने आपणच आपल्या हाताने घातक आज्ञा चालवितो. तीन : मदतीचा क्रमांक शोधयंत्रातून घेऊ नये. तो बिलावर, पासबुकावर किंवा मूळ संकेतस्थळावर पाहावा. चार : अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा दाखविणारे किंवा दुरून संगणक चालविणारे ॲप बसवू नये, ओटीपी सांगू नये.

तरीही फसवणूक झालीच तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे आणि बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत कळविले तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखण्याची शक्यता अधिक असते. घरच्यांनीही त्या वेळी बोल लावू नयेत. बोल खावे लागतील या भीतीने लपविण्यात गेलेला वेळ फसविणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

पेढीची तजवीज

सरतेशेवटी, आजच करता येण्याजोगी व्यवस्था सांगतो. संगणकाशेजारी एक पुठ्ठा लावावा. त्यावर इंटरनेट सेवेचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी, योजना संपण्याची तारीख, बँकेच्या व कर-पोर्टलच्या अचूक पत्त्यांची यादी आणि १९३० हा क्रमांक ठळक लिहावा. पासवर्ड मात्र त्यावर कदापि लिहू नयेत. त्याखाली तपासणीचा क्रम लिहावा : संदेशाचे छायाचित्र, एक पान की सर्व पाने, वायफायवर फोन, हॉटस्पॉटवर संगणक, घड्याळ, खासगी खिडकी, दुसरा ब्राउझर, आणि अखेरीस जाणकाराला फोन.

संगणकात दोन ब्राउझर असावेत आणि दोन्ही अद्ययावत असावेत. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला आवृत्ती व घड्याळ पाहण्याचे काम घरातील एका व्यक्तीकडे सोपवावे. चिरंजीव, कन्या वा सूनबाई, ज्यांचा हात संगणकावर बसला आहे त्यांच्याकडे; परंतु क्रम मात्र सर्वांना ठाऊक असावा, कारण नेमके त्या दिवशी ते गावाला गेलेले असू शकतात. आणि ३बी विवरणपत्र वीस तारखेची वाट न पाहता पंधरा-सोळापर्यंत भरून मोकळे व्हावे. चार दिवस हाताशी असले म्हणजे अडलेले पान हे संकट राहत नाही, एक साधे काम होते, आणि साध्या कामात माणसाची फसगत क्वचितच होते.

पुढील अंकी बँकेचे व कराचे पासवर्ड पेढीत कोणी, कोठे आणि कसे सांभाळावेत, याचा विचार करू.